शिकागोतले पहिले चार अंक गेले कुठे?

मातीतल्या कुस्तीत पंच वाकून बघतो ते खांद्यांकडे. दोन्ही खांदे टेकले की चितपट; हलगी कडाडते, जिंकलेल्या गड्याला पोरं खांद्यावर घेतात आणि घड्याळाची आठवणही कुणाला होत नाही. आनंदवाडीचा आखाडा असो की येळ्ळूरचं मैदान, निकाली कुस्तीत वेळ मोजून हारजीत ठरत नाही. त्यामुळे बॉक्सिंगची एक जुनी काळी-पांढरी फिल्म मोबाईलवर फिरत फिरत बेळगावातल्या एखाद्या तालमीत पोचली की प्रश्न ठरलेला असतो: गडी चौदा सेकंद खाली बसला होता, दहाला बाद करतात म्हणता, मग तो जिंकला कसा?

ती फिल्म जीन टनी आणि जॅक डेम्प्सी यांच्या हेवीवेट विजेतेपदाच्या लढतीची. २२ सप्टेंबर १९२७, शिकागोचं सोल्जर फील्ड, फेरी सातवी. बॉक्सिंगवाले तिला ‘लाँग काउंट’, म्हणजे लांबलेली मोजणी, म्हणतात. ‘डेम्प्सीवर अन्याय झाला’ हे वाक्य जवळजवळ शंभर वर्षं चालत आलंय. माझ्या मते ते अर्धं चूक आहे. जी खरी चूक झाली ती सातव्या फेरीत कमी आणि आठव्या फेरीत जास्त झाली, आणि आठव्या फेरीची फिल्म कुणी पुढे पाठवत नाही.

आधी माणसं बघू. डेम्प्सी बत्तीस वर्षांचा, माजी विजेता, अंगावर धावून जाणारा, डाव्या हुकचा (कोपर वाकवून बाजूनं मारायचा ठोसा) बादशहा. टनी तीस वर्षांचा, अमेरिकेच्या मरीन दलातून आलेला, जॅब (हात सरळ फेकून मारायचा झटपट ठोसा) टाकत, पाय हलवत, हिशेबानं खेळणारा. आपल्याकडे घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी असतो आणि कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरची शिस्त सगळ्यांना ठाऊक आहे. टनी त्या जातीचा. डेम्प्सीवर मात्र पहिल्या महायुद्धात सैन्यभरती चुकवल्याचा खटला झाला होता. १९२० मध्ये तो निर्दोष सुटला, तरी लोक टोमणे मारायचे थांबले नाहीत. वजनं १८९½ आणि १९२½ पौंड, म्हणजे साधारण ८६ आणि ८७ किलो. आजच्या हिशेबात दोघेही हेवीवेट नव्हेत. त्याखालच्या गटाची, क्रूझरवेटची, मर्यादाच २०० पौंडांची आहे.

वर्षभर आधी, २३ सप्टेंबर १९२६ ला, फिलाडेल्फियात पावसात टनीनं डेम्प्सीकडून गुणांवर विजेतेपद काढून घेतलं होतं. शिकागोची लढत ही त्याची परतफेड. एक लाखावर माणूस, साडेसव्वीस लाख डॉलरांवर गल्ला. टनीच्या वाट्याला ९,९०,४४५ डॉलर आले. त्यानं वरचे ९,५५५ डॉलर लढत भरवणाऱ्या टेक्स रिकार्डला दिले आणि त्याच्याकडून दहा लाखांचा एकच चेक घेतला. आकडा पुरा दिसावा एवढ्यासाठीच! हा माणूस किती मोजूनमापून वागायचा ते यावरून कळतं, आणि सातव्या फेरीत तेच कामाला आलं.

आता नियम. सगळा वाद त्यातल्या दोन वाक्यांत आहे, म्हणून जरा सावकाश.

‘पडलेल्यानं दहा सेकंदांत स्वतःच्या बळावर उठायचं, आणि तोवर दुसऱ्यानं आपल्या कोपऱ्यात जायचं’ हे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून लिहिलेलं आहे. लिहिलेलं, पण पाळलेलं नव्हे. डेम्प्सीची अख्खी कारकीर्द त्या न पाळण्यावर उभी होती. ४ जुलै १९१९ ला टोलेडोत त्यानं जेस विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं, तेव्हा तो पडलेल्याच्या डोक्याशीच उभा असायचा; विलर्डचे गुडघे जमिनीवरून सुटले रे सुटले की पुढचा ठोसा. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला लुईस फिर्पोविरुद्ध तोच प्रकार. उठणाऱ्याला तोल सावरायला उसंतच मिळत नसे. पट काढून खाली आणलेल्या गड्याची मगरमिठी सोडायची नाही, तसं.

म्हणून इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथल्या, क्रीडा आयोगानं नियमात खुलासा केला होता. मतलब असा: गडी पडला की टाइमकीपरनं लगेच उभं राहून सेकंद मोठ्यानं मोजायला लागायचं. रेफ्रीनं आधी दुसऱ्याला सर्वांत लांबच्या न्यूट्रल कोपऱ्यात धाडायचं, मग टाइमकीपरकडे वळून त्याची मोजणी उचलायची आणि त्याच्या बरोबरीनं पडलेल्याला अंक सांगायचे. आणि उभा असलेला कोपऱ्यात थांबला नाही तर तो तिथं जाईपर्यंत रेफ्री आणि टाइमकीपर दोघांनीही मोजणी थांबवायची. रेफ्री डेव्ह बॅरीनं लढतीआधी रिंगच्या मधोमध दोघांना हे पुन्हा ऐकवलं होतं. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब डेम्प्सीला नव्हती.

न्यूट्रल कोपरा म्हणजे दोघांच्याही स्टुलांचा नसलेला. चार कोपऱ्यांतले दोन तसे असतात आणि त्यांतला पडलेल्यापासून लांबचा धरायचा. रिंग वीस फुटी होती. मोठी रिंग टनीला हवी होती, पळायला जागा मिळते. वीस फुटी चौकोनाचा कर्ण सुमारे २८ फूट, साडेआठ मीटर. म्हणजे अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं झालं तरी झपाझप चालत चार-पाच सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा.

सातव्या फेरीचं पहिलं मिनिट सरायच्या आत डेम्प्सीनं टनीला दोरांशी गाठलं. उजवा, मग लांबून आलेला डावा हुक, आणि टनी घसरत असताना वरून आणखी तीन-चार. टनी खाली बसला. त्याचा डावा हात दोराला लागला, डोळे कुठंतरी भलतीकडे. अख्ख्या कारकिर्दीत टनी एवढा एकदाच पडला.

टाइमकीपर पॉल बीलर उठला आणि मोजू लागला. डेम्प्सी मात्र टनीच्या जवळच्याच कोपऱ्यात रेंगाळला. बॅरी त्याला लांबचा कोपरा दाखवतोय, हातानं ढकलतोय, आणि हा गडी टनीकडे बघत उभा. डेम्प्सी शेवटी निघाला तोवर बीलर चार-पाचापर्यंत पोचला होता. बॅरी वळला, टनीवर वाकला आणि मोजायला लागला, ‘एक’पासून. नऊला टनी उठला. घड्याळात तेरा-चौदा सेकंद झाले होते.

आता नियमाचं वाचन करा. ‘टाइमकीपरची मोजणी उचलायची’ याचा सरळ अर्थ बॅरीनं ‘पाच’ म्हणायला हवं होतं. ‘कोपऱ्यात जाईपर्यंत मोजणी थांबवायची’ याचा सरळ अर्थ बीलरनं मुळात पाचपर्यंत जायलाच नको होतं. एक-दोनवर थांबून, डेम्प्सी पोचल्यावर तिथून पुढे. आणि तिसरं वाचन बॅरीचं: अट पुरी झालीच नव्हती, तर मोजणी सुरूच झाली नव्हती, म्हणून एकपासून. तिन्ही वाचनांना नियमात थोडाथोडा आधार आहे, कारण लिहिणाऱ्यानं ‘मोजणी थांबवा’ लिहिलं आणि ‘पुन्हा कुठून धरा’ ते लिहिलं नाही. सातबाऱ्यावर बांध कुठून मोजायचा ते न लिहिता क्षेत्रफळ लिहावं तसलं काम.

माझं मत दुसऱ्या वाचनाकडे झुकतं. डेम्प्सी थबकल्याचं दिसताच मोजणी थांबायला हवी होती, आणि तो निघाल्यावर दोन-तीनपासून पुढे जायला हवी होती. तसं झालं असतं तर टनीला एकूण बारा-तेरा सेकंद मिळाले असते. म्हणजे बॅरीच्या चुकीनं टनीला फार तर एखाद-दुसरा सेकंद जास्त मिळाला. बाकीचे सेकंद खुद्द डेम्प्सीनं दिले.

‘पण पाचपासून धरलं असतं तर?’ धरा. मग दहा पुरे व्हायच्या आत, म्हणजे बॅरीच्या प्रत्यक्षातल्या पाच-सहाच्या सुमाराला, टनीला उठावं लागलं असतं. टनी पुढे आयुष्यभर सांगत राहिला की त्याआधीच तो उठू शकला असता, मिळत होते म्हणून पुरे नऊ घेतले. फिल्ममध्ये बघा: मोजणीच्या मध्यावर त्याची मान सरळ होते आणि नजर रेफ्रीच्या हातावर स्थिरावते. उठला असता यात मला शंका नाही. शंका पायांची आहे. डोकं आधी जागं होतं, पाय नंतर. ज्यांनी जबड्यावरचा हुक बघितलाय त्यांना ठाऊक आहे की उठणं आणि उभं राहणं या दोन गोष्टी आहेत. उठल्यावर टनी मागे मागे सरकत, रिंगला फेऱ्या घालत सुटला. वीस फुटी रिंग तिथं कामाला आली. डेम्प्सीचे पाय बत्तिसाव्या वर्षी त्याच्यामागे धावेनात. तो हातानं खुणावायला लागला, ये, लढ. टनी कशाला येतोय! चार सेकंद आधी उठून हीच पळापळ साधली असती का, एवढाच या वादातला खरा प्रश्न आहे.

आणि आता आठवी फेरी. टनीनं आखूड उजव्या हातानं डेम्प्सीला खाली आणलं. डेम्प्सी लगेच उठला. पण बॅरीनं त्या वेळी मोजायला तत्काळ सुरुवात केली, टनी न्यूट्रल कोपऱ्यात गेलाय का हे न बघता. अर्ध्या तासापूर्वी सांगितलेला, चार मिनिटांपूर्वी कसोशीनं पाळलेला नियम या खेपेस विसरला. निकालावर काडीचा परिणाम झाला नाही, कारण डेम्प्सी ‘एक’लाच उभा होता. पण रेफ्रीच्या कामात सगळ्यात वाईट काय असेल तर हेच: एकाला एक माप, दुसऱ्याला दुसरं. मैदानात पंचानं कडक असावं की सैल यावर वाद घालता येतो. एका जोडीत कडक आणि त्याच जोडीत सैल, याला उत्तर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत चितपटीच्या निर्णयावरून जो गोंधळ झाला, तो निपाणी-खानापूरपर्यंत कट्ट्याकट्ट्यावर चघळला गेला. तिथंही लोकांचा राग निर्णयापेक्षा निर्णय पुन्हा न बघण्यावर होता.

दहा फेऱ्यांनंतर टनी गुणांवर जिंकला, आणि सातवी सोडली तर फेऱ्या बहुतेक त्याच्याच होत्या. डेम्प्सीच्या बाजूनं तक्रार झाली, ती फेटाळली गेली. ठरलेला रेफ्री ऐनवेळी बदलला, शिकागोच्या गुंडांचा पैसा लागला होता, असल्या वदंता तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. त्यांत वेळ घालवण्यात अर्थ नाही. सातव्या फेरीचं उत्तर कोपऱ्यात आहे.

आता फिल्म स्वतः मोजणार असाल तर. नुसतं मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसलात तर बहुधा चुकीचा आकडा येईल आणि तालमीत भांडण लागेल ते वेगळंच. त्या काळच्या कॅमेऱ्याचा वेग ठरलेला नसे. सेकंदाला सोळापासून चोवीसपर्यंत चित्रं. आज ती फिल्म ठरावीक वेगानं चालवली की माणसं लगबगीनं चालताना दिसतात आणि सेकंद आखडतात. म्हणून आधी अख्खी फेरी मोजा, दोघे स्टुलावरून उठल्यापासून फेरी संपेपर्यंत. ती १८० सेकंदांची असते. समजा तुमच्या प्रतीत ती १५० सेकंदांत संपली, तर गुणक १.२. मग टनीची बैठक कॅनव्हासला टेकल्यापासून त्याचे हात-गुडघे सुटेपर्यंतचा काळ तीनदा मोजून सरासरी काढा. समजा साडेअकरा आली, १.२ नं गुणली की १३.८. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या प्रतीचे वेगळे येतील. फेरी मध्येच कापलेली असेल तर गुणक काढता येत नाही, ती प्रत सोडा. आणि बऱ्याच प्रतींत पडण्याचा भाग संथ गतीनं पुन्हा जोडलेला असतो. तो मोजलात तर वीस सेकंदही येतील. पसरलेल्या ‘अठरा सेकंद, वीस सेकंद’ या गप्पांचं मूळ मला तरी तिथंच दिसतं.

हाच घोळ पुढे दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा निकाल उलटसुलट. २५ मे १९६५, लुइस्टन, मेन. महंमद अलीच्या उजव्या हातानं सनी लिस्टन पहिल्याच फेरीत आडवा झाला. अली कोपऱ्यात जाईना. लिस्टनवर ओरडत उभा राहिला, मग रिंगभर नाचला. रेफ्री होता माजी विजेता जर्सी जो वॉलकॉट. तो अलीला आवरण्यात गुंतला आणि त्यानं मोजलंच नाही. लिस्टन उठला, वॉलकॉटनं लढत पुन्हा सुरू केली, आणि मग रिंगबाहेरून नॅट फ्लायशर या बॉक्सिंग मासिकाच्या संपादकानं ओरडून सांगितलं की टाइमकीपरचे दहा कधीच झाले. वॉलकॉटनं लढत थांबवली, अली जिंकला. शिकागोच्या नियमानं बघितलं तर अली कोपऱ्यात नव्हता, मोजणी चालायलाच नको होती. म्हणजे १९२७ मध्ये कोपरा न धरणाऱ्याचं नुकसान झालं, १९६५ मध्ये न धरणाऱ्याचा फायदा. अधिकृत नोंदीत ती लढत एका मिनिटात संपली असं आहे. फिल्म सव्वादोन मिनिटांच्या आसपास दाखवते. घड्याळाचा मान राखायची ही तऱ्हा.

दुसरी वेळ ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. आठव्या फेरीच्या अखेरीस माइक टायसनच्या अपरकटनं (खालून वर हनुवटीकडे मारलेला ठोसा) बस्टर डग्लस पडला. टायसन कोपऱ्यात गेला, पण रेफ्रीची मोजणी टाइमकीपरच्या दोन-एक सेकंद मागे राहिली. डग्लस रेफ्रीच्या नऊला उठला आणि दहाव्या फेरीत त्यानंच टायसनला बाद केलं. टायसनच्या गोटानं आरडाओरडा केला, दोन संघटनांनी निकाल काही दिवस टांगणीला लावला, मग मान्य केला. बरोबरच केलं. पडलेला माणूस टाइमकीपरकडे बघत नाही, त्याला समोरच्या रेफ्रीची बोटं दिसतात. त्यानं त्याच मोजणीवर विश्वास ठेवायचा.

आपल्या भागात शाळा-कॉलेजांतून, कॅम्पात पोरं ग्लोव्हज घालतात, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. समोरचा पडला की त्याच्याकडे बघत राहणं ही नैसर्गिक ओढ आहे. डेम्प्सी नियम विसरला नव्हता, त्याच्या अंगाला सवय नव्हती. म्हणून ही गोष्ट सांगून जमत नाही, सरावात घालावी लागते. पॅड मारताना धरणारा मध्येच खाली बसतो. पोरानं त्या क्षणी पाठ फिरवून लांबचा न्यूट्रल कोपरा गाठायचा, दोन्ही हात दोरावर टाकायचे आणि रेफ्री बोलावेपर्यंत हलायचं नाही. कोणता कोपरा लांबचा हे धावता धावता ठरवायचं नसतं. फेरी सुरू व्हायच्या आधी दोन्ही न्यूट्रल कोपरे डोळ्यांत भरून घ्यायचे. रोज फेरीत एकदा असं महिनाभर केलं की पाय आपोआप वळतात.

आणि टाइमकीपरच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी. स्टॉपवॉच हातात हवंच. ‘एक, दोन, तीन’ तोंडानं म्हणत गेलं तर उत्साहात दहा अंक सात सेकंदांत संपतात. जागा अशी हवी की रेफ्रीला मान वळवली की तुमचा हात दिसेल. पोरं शिट्ट्या मारायला लागली की आवाज पोचत नाही. टेबलावर तळहात आपटा आणि दुसऱ्या हाताची बोटं वर धरा. एक पोरगं मराठी, दुसरं कन्नड, रेफ्री तिसऱ्याच राज्यातला फौजी, असा मेळ बेळगावात सहज जमतो. बोटं सगळ्यांना कळतात. उभा असलेला कोपरा सोडून पुढे आला तर बोटं आहेत तिथंच गोठवा. समजा चार दाखवत होतात, तर चारच दाखवत राहा. रेफ्रीनं त्याला परत पाठवून तुमच्याकडे बघितलं की पुढचं बोट पाचवं.